पाय हलवण्यास हरकत नाही

तबकडी संपली, सुई मधल्या कागदाजवळ जाऊन खरखरायला लागली, तरी आम्ही चौघं उभेच होतो. डॉक्टर गर्ग्यांनी सावकाश डोळे उघडले, रुमालाने कपाळ टिपलं आणि म्हणाले, "बसा."

बसलो. मे महिन्यातलं भुसावळ, सकाळचे पावणेबारा, डोक्यावर पत्रा. पंखा होता, पण बंद. पंख्याचा आवाज संगीतात मिसळतो, असं डॉक्टरांचं म्हणणं होतं.

"काय तो हुंदका!" डॉक्टर म्हणाले. हे ते दर रविवारी म्हणायचे. "आज विशेष जाणवला."

"आणि साखळदंड," बऱ्हाटे सर म्हणाले. हेही दर रविवारचंच. सर कॉलेजात भूगोल शिकवायचे आणि अमेरिकेतल्या सगळ्या नद्या त्यांना पाठ होत्या.

फेगडे काही बोलले नाहीत. ते लोको शेडमध्ये फोरमन होते, घरात अकरा माणसं, आणि ते मंडळात केवळ गप्प बसायला मिळतं म्हणून यायचे.

डॉक्टरांनी खिशातून एक पाकीट काढलं. "एक वाईट बातमी आहे. खालच्या घरमालकीण मिसेस लोबोंनी नोटीस दिली आहे. एक जूनच्या आत हॉल रिकामा करा म्हणतात. दवाखाना राहू दे, पण हॉल नको."

"का पण?" मी विचारलं.

डॉक्टरांनी कागद हातभर लांब धरला. "लिहिलंय, चार वर्षं दर रविवारी तो बेवडा माझ्या डोक्यावर रडतो आहे, मला आता सहन होत नाही."

"कोन बेवडा?" फेगडे दचकले. "माह्याकडे काय पाहता? मी रविवारी घेतच नाही."

"तुम्ही नाही हो फेगडे! अनामिक. ती बाई अनामिकाला बेवडा म्हणते आहे."

हॉलमध्ये शांतता पसरली. देवळात कुणी चपला घालून शिरावं तशी.

आता अनामिक कोण, ते सांगायला हवं. १९८६ सालची गोष्ट. आमचं 'नीलस्वर श्रवण मंडळ' हे सबंध खानदेशातलं जॅझ आणि ब्लूज ऐकणारं एकमेव मंडळ होतं. सदस्यसंख्या चार. डॉक्टर गर्गे दातांचे डॉक्टर, मंडळाचे संस्थापक, अध्यक्ष आणि घटनाकार. घटना कडक होती. गाणं चालू असताना बोलायचं नाही. चहा दुसरी बाजू संपल्यावर. मान हलवायला परवानगी होती, पण पाय हलवायचा नाही. पाय हलवून ऐकायचं संगीत म्हणजे लग्नातला बँड, असं डॉक्टर म्हणायचे. मी स्वतः चार वर्षं उजवा पाय डाव्या पायाखाली दाबून जॅझ ऐकलं आहे.

दर दिवाळीला डॉक्टर एक यादी काढायचे. 'ऐकायलाच हव्यात अशा शंभर तबकड्या.' जॅझ आणि ब्लूज मिळून. स्टेन्सिल कापून पन्नास प्रती काढायच्या आणि महाराष्ट्रभर पाठवायच्या. मंडळाकडे तबकड्या होत्या एकसष्ट. उरलेल्या एकोणचाळीस डॉक्टरांनी मासिकांत वाचल्या होत्या. पण यादीच्या बाबतीत हा माणूस कमालीचा प्रामाणिक. एका कलावंताला एकच जागा, हा नियम. सख्ख्या मेव्हण्याने कॅनडाहून पाठवलेली तबकडी त्यांनी सत्त्याण्णवाव्या जागेवर टाकली, आणि तेव्हापासून मेव्हणा बोलत नाही. दात काढतानाही ते 'दुखणार नाही' असं कधी म्हणाले नाहीत. 'दुखेल' म्हणायचे, आणि दुखायचं.

त्या यादीत गेली चार वर्षं पहिल्या जागेवर होता अनामिक. आणि अनामिक मी शोधला होता.

मी तेव्हा रेल्वेच्या पार्सल ऑफिसात होतो. रेल्वे इन्स्टिट्यूटच्या जुन्या कपाटांचा लिलाव झाला, त्यात एक खोकं मी उचललं. बॅडमिंटनची तुटकी रॅकेट, एक बिगुल, आणि एक दहा इंची तबकडी. मधला कागद पांढरा फटक, त्यावर नुसता चहाचा डाग. ना नाव, ना गाव. ती मी बिचकतच मंडळात नेली. डॉक्टरांनी लावली. खर्जातला एक खरखरीत पुरुषी आवाज, मागे रडवेला ट्रॉम्बोन, चाल इतकी संथ की दोन शब्दांच्या मध्ये माणूस घोटभर पाणी पिऊन येईल. इंग्रजी होतं, पण शब्द कळत नव्हते. आणि शेवटी गाणं थांबल्यावर दोन जड आवाज, धप्प, धप्प, आणि मग एक लांबलचक हुंदका.

डॉक्टरांच्या डोळ्यांत पाणी आलं. "हा मिसिसिपीचा म्हातारा आहे," ते म्हणाले. "तुरुंगात ध्वनिमुद्रण झालंय. ते साखळदंड ऐकलेत?" त्या दिवसापासून माझी दारातली स्टुलाची जागा गेली आणि खिडकीजवळची खुर्ची मिळाली. 'नारखेड्यांनी शोधलेला अनामिक' असं माझं नाव यादीत छापून यायला लागलं. ऑफिसात मला साहेबांच्या कुत्र्याइतकीही किंमत नव्हती, त्यामुळे हे मला फार गोड लागलं. पुढे प्रथाच पडली, की बैठकीच्या शेवटी अनामिक लावायचा आणि साडेपाच मिनिटं सगळ्यांनी उभं राहायचं.

आणखी एक गोष्ट आत्ताच सांगतो. डॉक्टरांच्या रेकॉर्ड प्लेअरला वेग बदलायची एक दांडी होती. एकदा त्यांच्या पुतण्याने ती फिरवली, वेग वाढला आणि एका थोर सॅक्सोफोनवाल्याचं माकड झालं. डॉक्टरांनी दुसऱ्याच दिवशी दात भरायच्या सिमेंटने ती दांडी तेहतिसावर, म्हणजे मिनिटाला तेहतीस फेऱ्यांच्या संथ वेगावर, कायमची बसवून टाकली. "पंचेचाळीसवर फक्त नाचगाणी असतात," ते म्हणाले. "आपल्याला ते लागणार नाही."

"एक रविवार अनामिक नाही लावला तर?" त्या दिवशी मी चाचरत विचारलं.

"नारखेडे," डॉक्टर म्हणाले, "उद्या म्हणाल, आरती करू पण गणपती बाहेर ठेवू. तुम्ही खाली जा आणि त्या बाईंना समजावा. तुम्हाला नाताळात त्या तळलेले गोड कुलकुल देतात. आम्हाला देत नाहीत."

"हॉल गेला त मंडळ गेलं," फेगडे म्हणाले. त्यांचा चेहरा खरोखरच उतरला होता. "माह्या घरी बसायचं म्हनाल, त मले मारून टाका."

सोमवारी संध्याकाळी ड्यूटी संपवून मी खाली गेलो. मिसेस लोबो, म्हणजे ओलिंडा लोबो, पन्नाशी ओलांडलेली, उंच, हाडकुळी बाई. नवरा ऑगस्टीन रेल्वेत गार्ड होता, तो जाऊन बारा वर्षं झाली होती. त्या ओट्यावर बसून कैऱ्या चिरत होत्या, ओठात बिडी. दिवसाला एक बंडल संपायचं. आवाज असा, की पाठमोऱ्या बोलल्या तर पोस्टातला हमाल वाटावा.

"आलास पार्सल?" त्या मला पार्सलच म्हणायच्या. "तुझ्या डॉक्टरने पाठवलं ना? त्याला सांग, लोबोबाई ऐकत नाही."

"आंटी, अहो तो बेवडा नाही. फार मोठा कलावंत आहे."

"नाव काय त्याचं?"

"नाव कुणालाच माहीत नाही. म्हणून तर अनामिक."

"आईबापाने नाव पण ठेवलं नाय? मग रडणारच." त्यांनी कैरीची कोय बाहेर भिरकावली. "ऐक मॅन. माझ्या घरात पण म्युझिक होतं. ऑगस्टीन ट्रम्पेट वाजवायचा, इन्स्टिट्यूटमध्ये शनिवारी डान्स असायचा. लोक घाम येईपर्यंत नाचायचे. तुम्ही लोक वर बसून काय करता? एक पाय वाजत नाय. चार माणसं वर आहेत का चार मुडदे, मला कळत नाय. आणि शेवटी तो एक रडतो. धप्प धप्प करतो आणि रडतो!"

"एकदा नीट ऐकून तर बघा. वरून नुसती घरघर ऐकू येते तुम्हाला."

त्यांनी जरा विचार केला. "आण त्याला खाली. तोंडावर ऐकते त्याला. आणि मग तोंडावरच सांगते."

डॉक्टर पेशंटमध्ये होते. मी तबकडी उचलली आणि खाली आणली. आंटींच्या पुढच्या खोलीत मेरीमाउलीच्या तसबिरीखाली लाल रंगाची एक पेटी होती, झाकणातच स्पीकर असलेली. तिच्यावर त्यांच्या नाचाच्या छोट्या तबकड्या चालायच्या. मी अनामिकाला जपून ठेवलं, सुई टेकवली आणि सवयीने उभा राहिलो.

पेटीतून एक बाई गायला लागली.

तरुण, खणखणीत, मिश्कील बाई. मागे ट्रॉम्बोन नव्हता, ट्रम्पेट होतं, आणि ते तिला चिडवत होतं. मला वाटलं, पेटी बिघडली. मी दांडीकडे हात नेला तर आंटींनी माझं मनगट धरलं. त्यांची पकड अशी होती, की दुसऱ्या दिवशीही वळ दिसत होता.

त्यांच्या ओठातली बिडी विझली होती. त्या पेटीकडे बघत होत्या, आणि त्यांचा पाय वाजत होता, एकटाच, त्यांना न विचारता. चार मिनिटांत गाणं संपलं. मग टक, टक, असे दोन आवाज झाले. आणि मग ती बाई हसली. खो खो हसली. तोच आमचा हुंदका.

"ते माझे शूज," आंटी म्हणाल्या.

"नवीन घेतले होते. एकदम टाइट. चावत होते. गाणं संपलं आणि मी काढून फेकले, एक इकडे, एक तिकडे. ऑगस्टीनने असं तोंड केलं, म्हणून मी हसले. मशीन चालूच होतं." त्यांनी माझं मनगट सोडलं. "ही मी आहे, पार्सल."

खरं सांगतो, त्या क्षणी माझ्या मनात पहिला विचार त्यांचा आला नाही. पहिला विचार आला, गेली माझी खिडकीजवळची खुर्ची.

आंटी मग बराच वेळ बोलल्या. सत्तावन्न साली ऑगस्टीनने पास काढून त्यांना मुंबईला एका रेकॉर्ड कंपनीत नेलं होतं. गाणं त्यानेच लिहिलेलं. एक बाई प्लॅटफॉर्मवर डबा घेऊन उभी आहे, आणि नवऱ्याची मेलगाडी त्या स्टेशनात थांबतच नाही, असं. एकदा गाऊन घेतलं, चाचणीची एक तबकडी हातात दिली, आणि तिथला माणूस म्हणाला, साहेब ऐकतील आणि पत्राने कळवतील. तबकडी ऑगस्टीनने इन्स्टिट्यूटमध्ये सगळ्यांना ऐकवायला नेली आणि तिथेच हरवली.

"मग? पत्र आलं?"

"दोन वर्षं मी रोज गेटवर जायची. पोस्टमन लांबून दिसला की जायची. तो बिचारा मला बघून रस्ता बदलायला लागला. मग त्याची बदली झाली." त्या हसल्या, पण ते हसणं तबकडीतलं नव्हतं. "मी समजले, आवाज चांगला नाय. मग गाणं सोडलं. चर्चमध्ये पण नुसते ओठ हलवते. फादरला अजून माहीत नाय."

एकोणतीस वर्षं. आणि मग, सांगू की नको असं करत, सांगून टाकलं, की वर डॉक्टरांची एक यादी असते, आणि या तबकडीचा त्यात नंबर असतो.

"किती नंबर?"

"पहिला."

"भुसावळमध्ये?"

"जगात."

आंटींनी विझलेली बिडी पुन्हा पेटवायचा प्रयत्न केला. तीन काड्या मोडल्या. "त्या डॉक्टरला सांग," त्या म्हणाल्या, "रविवारी खाली ये. या पेटीवर ऐक. आणि मला तोंडाने सांग, नंबर किती. खोटं नाय चालणार. मग नोटीसचं बघू."

मंगळवारी सकाळी मी दवाखान्यात शिरलो, तर खुर्चीत फेगडे तोंड वासून पडले होते आणि डॉक्टर त्यांच्या दाढेत वाकले होते. मी सगळं सांगितलं. पंचेचाळीस, बूट, हसणं, मुंबई, पत्र, पोस्टमन. डॉक्टरांचा हात फेगड्यांच्या तोंडातच थांबला.

"अशक्य," डॉक्टर म्हणाले. "तिची पेटी बिघडलेली आहे."

"डॉक्टर, दांडी तुम्ही सिमेंटने बसवली होती."

"दहा इंची तबकडी तेहतीसचीच असते!"

"चाचणीची होती. त्यांनी हवी तशी कापली असेल."

"आणि हुंदका?"

"हसताहेत हो त्या. बूट काढल्यावर बरं वाटलं म्हणून."

डॉक्टर स्टुलावर बसले. मला त्यांची दया आली, कारण त्यांचा चौदा पानांचा 'हुंदक्याचे व्याकरण' हा लेख तीन वर्षांच्या खटपटीनंतर एका दिवाळी अंकाने घेतला होता. त्यातली अडीच पानं नुसत्या साखळदंडांवर होती.

"आँ आँ आँ," फेगडे म्हणाले. डॉक्टरांनी भानावर येऊन त्यांच्या तोंडातला कापूस काढला. "मी म्हनतो," फेगडे म्हणाले, "खाली जाऊन नंबर एक सांगून टाका. आधी दिलाच हाय नं? बाई खूश, हॉल शाबूत."

"मी एका म्हाताऱ्या कैद्याला नंबर दिला होता, फेगडे. भुसावळच्या बाईला नाही. ऐकल्याशिवाय मी काही सांगणार नाही." आणि ते पुन्हा दाढेकडे वळले. "दुखेल," म्हणाले.

रविवारी सकाळी दहा वाजता आम्ही चौघं आंटींच्या पुढच्या खोलीत ओळीने बसलो. त्यांनी ठेवणीतला निळा झगा घातला होता आणि, मी मुद्दाम बघितलं, पायात टाचेचे बूट होते. बऱ्हाटे सरांनी वही आणली होती. डॉक्टरांच्या मांडीवर यादी.

मी सुई टेकवली. चार मिनिटं. टक, टक. हसणं.

कुणी हललं नाही. पाय तर नाहीच. आंटी डॉक्टरांकडे बघत होत्या. बोर्डावर निकालाचा कागद लागतो तेव्हा पोरं बघतात ना, तसं. मनात म्हटलं, म्हणा हो एक. एवढं एकदाच खोटं बोला.

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, घातला. यादी उघडली, वरपासून बोट फिरवत खाली आले.

"अडतीस," ते म्हणाले.

"अहो!" बऱ्हाटे सर ओरडले.

"आवाज उत्तम आहे, ताल पक्का आहे," डॉक्टर खाली मान घालून म्हणाले. "पण गाणारीला अजून आयुष्य ठाऊक नाही. अडतीस. माफ करा, मिसेस लोबो. मी खोटं सांगू शकत नाही."

मला वाटलं, आता चप्पल येणार. फेगड्यांनी तर पाय गोळा केले. आंटी मात्र विचार करत होत्या.

"बरोबर बोलतो," त्या म्हणाल्या. "मी तेव्हा मॅट्रिक फेल झालेली पोर होती. मला काय ठाऊक? मला शूज चावत होते, तेवढंच ठाऊक होतं. आणि तो बेवडा? त्याचा नंबर किती?"

"एक," डॉक्टर म्हणाले. "पण तो आता... म्हणजे तो नाहीच."

"नाय कसा? चार वर्षं माझ्या डोक्यावर आहे. पार्सल, दांडी फिरव. तोंडावर ऐकायचा राहिलाय."

मी तेहतीसवर केलं. अनामिक सुरू झाला. तोच खर्ज, तोच ट्रॉम्बोन, तीच जीवघेणी चाल. आम्ही चौघंही, लाज वाटून का होईना, सवयीने उभे राहिलो. आंटी बसूनच होत्या, डोळे मिटून. पहिलं कडवं नुसतं ऐकलं. दुसऱ्या कडव्याला त्यांचे ओठ हलायला लागले, चर्चमध्ये हलत असतील तसे.

आणि मग आवाज आला.

पेटीतून नव्हे, खुर्चीतून. बिड्यांनी भाजलेला, खाली उतरलेला, पन्नाशीपलीकडचा आवाज. तो बरोबर अनामिकाच्या पट्टीत बसत होता. अंगठी बोटात बसते तसा. काही ठिकाणी तर कळेना, तबकडी कुठली आणि बाई कुठली. पण आता शब्द कळत होते. डबा घेऊन बाई उभी आहे, मेल येते आहे, मेल थांबत नाही आहे. चार वर्षं आम्ही ज्याच्यासाठी उभे राहत होतो, तो म्हातारा समोर निळा झगा घालून बसला होता.

मला रडू फुटलं. अगदी नाकातून पाणी वगैरे. बऱ्हाटे सरांची वही खाली पडली, कुणी उचलली नाही. मग कानावर ठक ठक आलं. बघतो तर फेगड्यांचा लोको शेडमधला आठ नंबरचा बूट फरशीवर ताल धरत होता. घटनेचा असा उघड भंग चार वर्षांत झाला नव्हता. मी डॉक्टरांकडे बघितलं. डॉक्टरांनी फेगड्यांच्या बुटाकडे बघितलं आणि पुन्हा डोळे मिटले.

गाणं थांबलं. तबकडीतून धप्प, धप्प आलं. आंटींनी खाली वाकून पायातला एक बूट काढला आणि इकडे फेकला. दुसरा काढला आणि तिकडे फेकला. तो बऱ्हाटे सरांच्या नडगीला लागला. तबकडीत हुंदका सुरू झाला तेव्हा आंटी हसत होत्या.

"डॉक्टर," त्या धापा टाकत म्हणाल्या, "म्हणजे तुझ्या लिस्टमध्ये माझ्या दोन जागा झाल्या. एक आणि अडतीस. दुसऱ्या कुणाच्या दोन आहेत?"

"नाहीत," डॉक्टर म्हणाले. "नियमात बसत नाही."

"तर मग नियम बघ तू. नोटीस मी फाडते."

त्या आठवड्यात दवाखान्यातून दुपारभर ड्रिलचा आवाज येत होता, पण पेशंट कुणीच नव्हता. शनिवारी मी वर गेलो तर रेकॉर्ड प्लेअरची दांडी मोकळी झाली होती आणि बाजूला सिमेंटचा भुगा पडला होता. दिवाळी अंकातला लेख डॉक्टरांनी तार करून परत मागवला. संपादकांनी कळवलं, की तो अजून वाचलाच नव्हता.

डॉक्टर आता नाहीत. आंटीही नाहीत. तबकडी माझ्याकडे आहे, आणि मी रिटायर होऊन दोन्ही वेगांवर ती ऐकत असतो. पण मला सर्वांत जास्त आठवते ती त्या वर्षीच्या दिवाळीआधीची एक सकाळ.

मी सायकलवरून ड्यूटीला निघालो होतो. लोबोंच्या गेटवर नवा पोस्टमन उभा होता. "ओलिंडा लोबो हितंच राह्यतात का?" त्याने विचारलं. तेवढ्यात आंटी बाहेर आल्या, हात पिठाचे. त्याने पाकीट दिलं. वर तिकीट, शिक्का, पूर्ण पत्ता, सगळं रीतसर. पाठवणाऱ्याचं नाव, डॉ. गर्गे, वरचा मजला.

डॉक्टर जिन्याच्या चौदा पायऱ्या उतरून ते हातात देऊ शकले असते.

आंटींनी पाकीट दाराशीच फोडलं. आत यादी होती. पहिल्या क्रमांकासमोर लिहिलं होतं, मिसेस ओलिंडा लोबो, भुसावळ, वेग तेहतीस. अडतिसाव्यासमोर पुन्हा तेच नाव, वेग पंचेचाळीस. आणि पानाच्या तळाशी डॉक्टरांच्या बारीक अक्षरात एक टीप. 'वरील दोन तबकड्या ऐकताना पाय हलवण्यास हरकत नाही.'

त्यांनी ते दोनदा वाचलं. मग पाकिटावरच्या शिक्क्यावरून पिठाचा अंगठा फिरवला. पोस्टमन सायकलवर टांग टाकत होता.

"एवढा वेळ लावतात का रे पत्राला?" त्या त्याच्यावर खेकसल्या.

"काल संध्याकाळीच पेटीत पडलं बाई," तो बिचारा घाबरून म्हणाला. "हितलंच आहे."